टाइप न होणारा फॉर्म आणि दोन नावं

पत्र: मी ३९ वर्षांची आहे. २००७ साली बी.कॉम. झाले, २००९ मध्ये लग्न झालं. मुलगा आठवीत गेल्यावर हिंमत करून यंदा तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी दिली. गुण बरे पडले. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, म्हणजे कॅपचा, ऑनलाइन अर्ज भरून सबमिटही केला, पण त्यात नाव सासरचं टाकलं आणि गुणपत्रिका सगळ्या माहेरच्या नावाच्या आहेत. आता अर्ज नुसता दिसतो, बदलता येत नाही. शिवाय एका कॉलेजच्या संकेतस्थळावरून संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः देतं त्या प्रवेशाचा अर्ज, हमीपत्र आणि शिक्षणात पडलेल्या खंडाच्या, म्हणजे गॅपच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना अशा तीन पीडीएफ उतरवून घेतल्या. त्यात काही केल्या टाइप होत नाही. कॉम्प्युटरवाला म्हणतो, वर्डमध्ये घेऊन सगळं नव्याने टाइप करून देतो, चारशे रुपये. माझं अक्षर वाईट आहे, किराण्याच्या यादीपलीकडे पंधरा वर्षांत काही लिहिलेलं नाही. मुलगा म्हणतो, ॲपने होईल. कॉलेजात जाऊन विचारायची लाज वाटते. काय करू?
– एक वाचक, फलटण

ताई,

चारशे रुपये देऊ नका. बाकीचं सांगतो.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत आणि दोन्हींना एकच नाव दिलंय, ‘फॉर्म बदलता येत नाही’. पण हे दोन फॉर्म दोन वेगळ्या कारणांनी बदलत नाहीत. कॅपचा अर्ज बंद आहे, कारण तो तुम्ही स्वतः सही ठोकून पाठवलाय. त्या तीन पीडीएफ बंद नाहीतच. तो फक्त कागदाचा फोटो आहे, आणि फोटोवर टाइप कसं होणार?

मी एका कॉलेजच्या कार्यालयात २८ वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी प्रवेशाच्या खिडकीमागे. त्यामुळे हे फॉर्म कुठून येतात ते मला ठाऊक आहे. आमच्याकडचा गॅपच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना म्हणजे कुठल्याशा झेरॉक्सची झेरॉक्स होती. डाव्या कोपऱ्यात कुणीतरी कधीतरी मारलेल्या स्टेपलच्या पिनेची सावली होती, तीही दरवर्षी इमानेइतबारे छापून यायची. संकेतस्थळ आलं तेव्हा तोच कागद स्कॅन करून वर चढवला, पिनेसकट. तुम्हाला टाइप करू द्यायचं नाही असा कुणाचा डाव नव्हता. विद्यार्थी तो छापणार, पेनाने भरणार आणि आणून देणार, एवढंच आमच्या डोक्यात असायचं. तुमच्या कॉलेजातही बहुधा हेच झालं असेल.

खात्री करायची तर पीडीएफ उघडून रिकाम्या जागेवर क्लिक करा. तिथे फिकट निळा चौकोन उमटून कर्सर लुकलुकला तर फॉर्म भरता येण्यासारखा आहे. काहीच झालं नाही तर तो नुसता फोटो किंवा छपाई आहे. तिसराही एक प्रकार असतो. ब्राउझरमध्ये फॉर्म उघडला की ‘प्लीज वेट’ एवढंच दिसतं आणि माणूस अर्धा तास वाट पाहत बसतो. तो फॉर्म बिघडलेला नसतो, तो ॲडोबीच्या रीडरमध्येच उघडतो. फाइल उतरवून कॉम्प्युटरवर त्यात उघडायची. तुमच्या वर्णनावरून तुमचे तिन्ही फॉर्म नुसत्या छपाईचे आहेत.

आता तो कॉम्प्युटरवाला. तो फसवतोय असं मी म्हणत नाही. पण वर्डमध्ये घेऊन नव्याने टाइप करणं म्हणजे कॉलेजचा फॉर्म सोडून दुसराच फॉर्म तयार करणं. एकदा एका मुलीने असंच टाइप करून आणलेलं हमीपत्र मी घेतलं. अक्षर सुंदर, कागद जाड, मधोमध रेघ. संध्याकाळी फाइल लावताना माझ्या सहकाऱ्याच्या लक्षात आलं की सात कलमांची सहाच झाली आहेत. हजेरीचं कलम गळलं होतं. टाइप करणाऱ्याने मुद्दाम गाळलं नव्हतं, पान उलटताना राहिलं होतं. पण प्राचार्यांना ते कसं पटवणार? मुलीला दुसऱ्या दिवशी गावाहून परत यावं लागलं आणि एस.टी.चे दोन्ही वेळचे पैसे वाया गेले. चूक माझीही होती, मी मोजायला हवं होतं. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो: छापलेलं त्यांचं, रिकामं तुमचं. छापलेल्या अक्षराला हात लावायचा नाही, रिकाम्या जागेत काय भरायचं तेवढं बघायचं. मग ते पेनाने भरा, टाइप करा, नाहीतर मुलाच्या ॲपने भरा.

याला एक अपवाद आहे. काही नमुन्यांवर लिहिलेलं असतं की हे प्रमाणपत्र संस्थेच्या किंवा कार्यालयाच्या लेटरहेडवर द्यावं. तिथे नमुना उतरवून काढणं भागच असतं आणि ते काम प्रमाणपत्र देणाऱ्याचं असतं. प्रतिज्ञापत्राचंही काही ठिकाणी तसंच असतं, नमुन्यातला मजकूर स्टॅम्प पेपरवर टाइप करून मागतात. तुमच्या कॉलेजला स्टॅम्प पेपर लागतो, की साध्या कागदावरची नोटरी चालते, हे आधी विचारा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभराच्या स्टॅम्पचं काम पाचशेवर गेलंय, उगाच विकत घेऊन ठेवू नका. लागलाच तर टाइप झालेला मजकूर मूळ नमुन्याशी ओळीला ओळ लावून मोठ्याने वाचा. एकाने नमुना वाचायचा, दुसऱ्याने टाइप केलेलं तपासायचं. या कामाला आठवीतला मुलगा उत्तम.

मुलाचं म्हणणंही बरोबर आहे. ॲडोबीच्या फुकटच्या रीडरमध्ये ‘फिल अँड साइन’ नावाची सोय आहे. तीत फोटोसारख्या पीडीएफवरही हवं तिथे अक्षरं ठेवता येतात. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये २०२२ पासून पीडीएफ उघडून वर मजकूर टाकता येतो, मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही येतो. म्हणजे वेगळं काही विकत घ्यायला नको. अक्षरं रेघेच्या किंचित वर बसवायची, रेघेवर बसवली तर रेघ अक्षरांना चिरत जाते. चौकटीचौकटींचे रकाने असतील तर एकेक अक्षर वेगळं ठेवावं लागतं. ते काम वैतागवाणं आहे, तिथे सरळ पेन घ्या. पूर्वी तहसीलबाहेर बसणारे टायपिस्ट हेच करायचे. गोदरेजच्या मशीनमध्ये छापील अर्ज सरकवायचे, रूळ मोकळा करून कागद अर्धी ओळ वरखाली करायचे आणि अक्षर नेमकं टिंबांच्या ओळीवर बसवायचे. आमच्या गावातले एक टायपिस्ट त्या अर्ध्या ओळीचे वेगळे आठ आणे घेत. काम तेच आहे, फक्त आता बोटाने सरकवायचं.

यात मराठी मजकुराचा एक घोळ आहे. फॉर्म मराठीत असेल आणि तुम्ही देवनागरीत टाइप केलंत, तर काही प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. तुमच्या पडद्यावर नीट दिसेल, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर दिसणार नाही. म्हणून भरून झालं की फाइल नुसती सेव्ह करू नका. प्रिंटचा आदेश देऊन प्रिंटरच्या जागी ‘प्रिंट टू पीडीएफ’ निवडा. त्याने वर ठेवलेली अक्षरं कागदाशी एकजीव होतात आणि हलत नाहीत. मग ती नवी फाइल फोनवर उघडून बघा. तिथेही सरळ दिसली तर कुठेही दिसेल. नाही दिसली तर मराठीचे रकाने हाताने भरायचे.

आणि अक्षराचं म्हणाल, तर २८ वर्षांत वाईट अक्षरासाठी एकही अर्ज मी परत केला नाही. परत केले ते रिकाम्या रकान्यांसाठी, राहिलेल्या सहीसाठी, ‘लागू नसलेले खोडा’ असं लिहूनही काहीच न खोडल्याबद्दल. तुमच्या फॉर्मवर ‘श्री./श्रीमती/कु.’ असेल. त्यातलं एक ठेवून बाकीचे रेघ मारून खोडा. लोक हे टाळतात, कारण छापील फॉर्मवर रेघ मारायला हात धजत नाही. मारा. छापलेल्याला हात लावायचा नाही म्हणालो खरं, पण इथे फॉर्मच तसं सांगतोय.

हाताने भरताना तिन्ही फॉर्मच्या दोन-दोन प्रती काढा. छापताना ‘फिट टू पेज’ आणि ‘ॲक्चुअल साइज’ हे दोन पर्याय बघून घ्या. आपल्याकडचे जुने नमुने पुष्कळदा लीगल कागदाचे असतात, १४ इंच लांबीचे. ए-फोरवर पूर्ण मापात छापले तर खालची सहीची ओळ कापली जाते आणि माणूस सही कुठे करायची म्हणून शोधत बसतो. पहिली प्रत पेन्सिलीने भरा. नाव रकान्यात मावतं का, पत्ता किती ओळींत बसतो, हे तिथेच कळतं. दुसरी काळ्या किंवा निळ्या बॉलपेनने भरा, फॉर्मवर जी शाई सांगितली असेल तीच. जेल पेन नको. जुलै महिना आहे, एक थेंब पडला तरी जेल पसरते. व्हाइटनर घरात असेल तर लपवून ठेवा. चूक झाली तर नवी प्रत काढायला दोन रुपये लागतात, आणि व्हाइटनर लावलेलं हमीपत्र बघून कुठल्याही कारकुनाच्या मनात पहिली शंका येते की याखाली काय होतं.

सह्या मात्र फोनवर बोटाने काढू नका. फिल अँड साइनमध्ये सही उमटवायची सोय आहे, मुलगा ती उत्साहाने दाखवेल. फॉर्मची छापील प्रत जमा करायची असेल तर सही पेनाने, ताजी. आणि प्रतिज्ञापत्रावर तर घरी सही करूच नका, तारीखही टाकू नका. ती सही नोटरीसमोर करायची असते. घरून सही करून आणलेलं प्रतिज्ञापत्र नोटरीने परत पाठवलं की दोष आपण नोटरीला देतो.

भरलेला कागद परत अपलोड करायचा असेल तर टेबलावर ठेवून वरून काढलेला फोटो चालवू नका, हाताची सावली येते आणि कागद तिरपा दिसतो. फोनवर गुगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय आहे, तीत कडा आपोआप सरळ होतात. फाइल जड झाली तर आधी काळी-पांढरी करून बघा, बरीच हलकी होते. फाइल लहान करून देणाऱ्या नाना वेबसाइटी आहेत. त्यांवर गुणपत्रिका फार तर चढवा, आधार कार्ड नको.

पीडीएफचं इथे संपलं. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली ती सोपी बाजू होती. अवघड आहे ते नाव, आणि वेळही तिथेच कमी आहे.

पोर्टलवर नावाचे तीन रकाने असतात: पहिलं, मधलं, आडनाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेलं असतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. अर्धी मुलं गुणपत्रिका समोर ठेवून तोच क्रम उतरवतात आणि आडनाव पहिल्या रकान्यात जातं. तुमच्या बाबतीत त्यावर आणखी एक थर आहे. मधल्या रकान्यात गुणपत्रिकेप्रमाणे वडील, आधारप्रमाणे नवरा. आडनाव दोन. पडताळणी करणारा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यासमोर एका नावाचा अर्ज आणि दुसऱ्या नावाची बी.कॉम.ची गुणपत्रिका येते. ही दोन्ही एकाच बाईची आहेत हे सांगणारा तिसरा कागद तुम्ही दिलाय का, एवढंच तो बघणार.

तो तिसरा कागद म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ते मिळतं, गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिकेत. लग्न २००९ चं आणि नोंदणी केलेलीच नसेल, तरी उशिरा नोंदणी करता येते. लग्नपत्रिका, दोघांचे पुरावे आणि साक्षीदार लागतात. पत्रिका जपून ठेवलेली असेलच, आपल्याकडे कपाटात वर्षानुवर्षं जपण्याच्या ज्या गोष्टी असतात त्यांत ती असते. शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात देणं हा दुसरा मार्ग. ती भाग दोनमध्ये येते. पण राजपत्राने जुन्या गुणपत्रिका बदलत नाहीत, त्या माहेरच्याच राहतात. आत्ताच्या घाईत विवाह प्रमाणपत्र आधी मिळवा.

आता बंद झालेला अर्ज. तो दोन वाटांनी उघडू शकतो. कागदपत्रांची ई-पडताळणी करताना अधिकाऱ्याला त्रुटी दिसली की तो अर्ज शेरा मारून तुमच्याकडे परत पाठवतो आणि तेवढ्यापुरता तो पुन्हा उघडतो. लोक या शेऱ्याला घाबरतात. तुमच्यासाठी तीच संधी आहे, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ लॉगिन करून बघा. मेसेज येईल या भरवशावर बसू नका. दुसरी वाट तक्रारीची. अंतिम गुणवत्ता यादीच्या आधी एक यादी लागते आणि तिच्यावर हरकत घ्यायला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत लॉगिनमधूनच तक्रार टाकायची. लांबलचक लिहू नका. ‘अर्जात विवाहानंतरचे नाव नोंदले आहे, सर्व गुणपत्रिका विवाहापूर्वीच्या नावाच्या आहेत, विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडले आहे, नाव गुणपत्रिकेप्रमाणे करावे ही विनंती.’ एवढं पुरे. ती तारीख गेली की मग हेलपाटे आहेत.

सीईटीच्या नोंदणीत तुम्ही कोणतं नाव दिलं होतं ते पत्रात नाही. तिथेही सासरचं असेल, तर गुणपत्रकावर तेच छापलेलं असणार. म्हणजे तक्रारीत दोन्हींचा उल्लेख करा आणि सीईटीचं गुणपत्रक जोडा. नवा अर्ज, नवा मोबाइल नंबर, नवं लॉगिन असला सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एकाच माणसाचे दोन अर्ज म्हणजे एका गुंत्याचे दोन होतात.

तुम्ही म्हणाल, गुणपत्रिकेप्रमाणेच का, मला सासरचं नाव हवंय. चालेल, पण आत्ताच ठरवा. ज्या नावाने विद्यापीठात नोंद होईल तेच एलएल.बी.च्या पदवीवर येईल, आणि त्याच पदवीवर पुढे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद निघेल. म्हणजे कोर्टात तुमचं वकीलपत्र कोणत्या नावाने जाणार, हे तुम्ही या जुलैतल्या रकान्यात ठरवताय. मला विचाराल तर प्रवेश माहेरच्या नावाने घ्या, गुणपत्रिकांची साखळी सलग ठेवा. माझ्या पाहण्यात ज्यांनी मध्येच नाव बदललं त्यांना दर टप्प्यावर तोच तिसरा कागद दाखवत फिरावं लागलं. पण हा माझा कारकुनी स्वभाव आहे. नाव तुमचं आहे.

हमीपत्र, प्रतिज्ञापत्र आणि संस्थास्तरावरचा अर्ज या तिन्हींवर मात्र जे नाव ठरेल ते एकाच स्पेलिंगने लिहा. इंग्रजीत ‘श्री’चं आणि ‘क्ष’चं स्पेलिंग माणूस मूडप्रमाणे बदलतो. गुणपत्रिकेतलं स्पेलिंग एका चिठ्ठीवर उतरवून ती फॉर्मशेजारी ठेवा. प्रतिज्ञापत्रात नोटरीला एक वाक्य घालायला सांगा की अमुक आणि तमुक या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे. मागितलेलं नसलं तरी घाला.

हमीपत्र सही करण्याआधी वाचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ च्या सप्टेंबरात विधी महाविद्यालयांना एक परिपत्रक पाठवलंय. गुन्ह्याची पार्श्वभूमी आहे का, एकाच वेळी दुसरी नियमित पदवी करताय का, नोकरी करताय का, हजेरी किती, हे सगळं विद्यार्थ्याने लिहून द्यायचं. तुम्ही कुठे अर्धवेळ कामाला असाल तर ते लपवू नका, मालकाचं ना हरकत पत्र घ्या.

आणि लाज. खिडकीमागे बसून मी एक गोष्ट शिकलो. विचारायला येणारा माणूस आमचं काम वाढवत नाही, न विचारता चुकीचं भरून आणणारा वाढवतो. कॉलेजात अकराच्या सुमाराला जा. दहाला साहेब लोक यायचे असतात, दीडनंतर डबे उघडतात. तिन्ही फॉर्म पेन्सिलीने भरून न्या आणि एवढंच म्हणा, ‘साहेब, पेनाने लिहायच्या आधी एकदा बघता का?’ पेन्सिलीचा फॉर्म बघून आमच्यातला सगळ्यात खडूस माणूससुद्धा हात पुढे करतो, असं मी पाहिलंय. स्टॅम्प पेपरचंही तेव्हाच विचारून घ्या.

पण कॉलेज परवा. उद्या सकाळी ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिका. तिथे जाताना लग्नपत्रिका न्यायला विसरू नका.